बिनमात्रांची अक्षरं

फोन वाजला तेव्हा ती शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी होती. डाव्या हातात टेप, ओठांत पाच टाचण्या, आणि खाली घरमालकीणबाईंचा घोळ चाललेला, पडदा जमिनीला टेकावा की चार बोटं वर राहावा. तोंडात टाचण्या असताना फोन घ्यायचा नाही, हा तिचा बावीस वर्षांचा नियम. तो त्या दिवशी तिने का मोडला कोण जाणे. पलीकडे इस्पितळातून एक घाईतला बायकी आवाज होता. त्याने वन्संचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या भावजय ना? जवळचं माणूस म्हणून कागदावर तुमचं नाव आहे. लगेच या." तिने एकेक टाचणी ओठांतून काढून मनगटावरच्या उशीत खोचली. "तुमची काहीतरी चूक होतेय," ती म्हणाली, "अकरा वर्षं झाली, आमचं बोलणं नाही." पलीकडे कागद चाळल्याची खसखस झाली. "त्या आता कुणाशीच बोलू शकत नाहीत, बाई. तुम्ही येताय ना?"

ती शिडीवरून उतरली. खिडकीचं माप अर्धवट राहिलं. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण धावतोय, आणि कशासाठी धावतोय हे कळेना तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. वन्संसाठी धावायचं? नवऱ्याची ही थोरली बहीण. सदतीस वर्षं शाळेत शिकवलेली, लग्न न केलेली, रोज पहाटे देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेला जाणारी, जगातल्या प्रत्येक माणसाच्या उच्चारात चूक काढणारी बाई. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा वन्संनी पहिल्याच दिवशी तिला 'आशीर्वाद' शब्द तीनदा म्हणायला लावला होता. नवरा हसला होता. "ताईचं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला होता, "ती येशूलासुद्धा शुद्धलेखन घालील." आणि त्याच वन्सं अकरा वर्षांपूर्वी, नवऱ्याचं यकृत पार कामातून गेलं असताना, इस्पितळाच्या जिन्यात तिचा हात धरून म्हणाल्या होत्या, "देवाची इच्छा म्हणायची आणि सोसायचं." तेवढंच. तेवढ्या पाच शब्दांवर तिने वन्संचा हात झटकला होता आणि सबंध जिना ऐकेल अशा आवाजात म्हणाली होती, "तुमचा देव तुम्हाला लखलाभ. परत इथे पाऊल टाकायचं नाही." वन्संनी टाकलं नाही. तीन दिवसांनी नवरा गेला. दफनाच्या वेळी वन्सं झाडाखाली उभ्या राहिल्या आणि प्रार्थना संपताच निघून गेल्या. त्यानंतर देवळाचं आणि हिचं नातंही संपलं. भांडण एकाच घरातलं, तेव्हा एकालाच कशाला दार बंद करायचं, दोघांनाही केलं.

पण ही सगळी झाली जगाला सांगायची गोष्ट. तिच्याआड आणखी एक होती. ती तिने कुणालाच सांगितलेली नव्हती, स्वतःलासुद्धा नीट नाही. त्या वाटेने विचार निघाला की ती टेप उचलून काहीतरी मोजायला घ्यायची.

वन्सं खाटेवर होत्या आणि नव्हत्या. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, नळीच्या टोकाला मशीन, मशीन हवा आत ढकलतंय, बाहेर ओढतंय, तिच्या शिलाईयंत्रासारखं एका लयीत. डॉक्टर तरुण आणि थकलेले होते. त्यांनी समजावलं, की शरीराने स्वतःच्याच नसांवर हल्ला केलाय. आधी पायांना मुंग्या आल्या, मग पाय गेले, हात गेले, मग छाती. नसांवरचं अस्तर उसवलंय म्हणा. अस्तराची उपमा त्यांनी तिचा धंदा ऐकून दिली असावी. "शुद्धीवर आहेत?" तिने विचारलं. "पूर्ण. सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय. फक्त पापण्या हलतात. एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही." "बऱ्या होतील?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "बरेच जण होतात. हळूहळू. काही होत नाहीत. यांचं वय सहासष्ट." मग त्यांनी भरतीच्या वेळचा कागद दाखवला. बोटं थोडी हलत होती तेव्हा वन्संनी तो स्वतः भरला होता. अक्षर डोंगरउतारासारखं घसरत गेलेलं, पण एकही वेलांटी चुकलेली नाही. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, भावजय. त्यापुढे तिचा फोन नंबर, अकरा वर्षांत एकदाही न फिरवलेला, न बघता लिहिलेला.

ती खाटेशी गेली. वन्संचे डोळे तिच्यावर आले. ते डोळे तेवढे तसेच होते, वर्गावरून फिरणारे. "मी आलेय," ती म्हणाली, आणि मग मूर्खासारखं, "दिसतेय ना?" एकदा मिटले. हो. शेजारी उभी असलेली उंच नर्स म्हणाली, "काहीतरी वाचून दाखवा. दिवसभर छताकडे बघून माणूस वेडं होईल. त्यांच्या पिशवीत पुस्तक आहे." पिशवीत एकच पुस्तक होतं, काळ्या रेक्झिनचं, कोपरे झिजलेलं बायबल. तिने ते दोन बोटांत असं उचललं की नर्सला हसू आलं. "हे?" तिने विचारलं. हो. "मी? मी वाचू?" डोळे मिटले, आणि जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले. सदतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईंचा तो हुकूम होता.

तर असं सुरू झालं. सकाळी अकरा ते एक आणि दुपारी चार ते सहा. कुठून वाचायचं विचारलं, तर वन्सं प्रत्येक जागेला दोनदा डोळे मिटत. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मग काय पहिल्या पानापासून?" हो. म्हणजे सगळंच. ती वाचायला लागली तशी वाचली, जसं बिल वाचतात. निर्मिती झाली, बाग झाली, खून झाला, पूर आला. मध्येच पापण्या दोनदा मिटत, आणि तिला कळायचं की उच्चार चुकला. "अहो, तुमचा श्वास मशीन घेतंय," ती एकदा म्हणाली, "आणि तुम्हाला माझा श पोटफोड्या हवाय?" हो. उंच नर्स औषध भरता भरता खिदळली. घरी जाताना मात्र तिच्या लक्षात यायचं, की आपण मनातल्या मनात तो शब्द घोकतोय.

दुसऱ्या आठवड्यात पुस्तक निर्गमाच्या मध्यावर आलं आणि काहीतरी विचित्र घडलं. इस्राएलचे लोक गुलामीतून सुटून वाळवंटात आले होते, राहायला घर नाही, उद्याचा भरवसा नाही, आणि देव त्यांना काय सांगत होता, तर त्याच्या तंबूचे पडदे. दहा पडदे. प्रत्येक अठ्ठावीस हात लांब, चार हात रुंद. पाच एकमेकांना जोडायचे, पाच एकमेकांना. कडेला निळ्या सुताच्या पन्नास कड्या, समोरच्या कडेला पन्नास कड्या, एकीसमोर एक. ती थांबली. मागे जाऊन परत वाचलं. मग पिशवीतून पेन्सिल काढून औषधाच्या पुडक्याच्या पाठीवर आकृती काढली. "वन्सं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज वर गेला, "हे बरोबर आहे! मधला जोड कुठे येतो बघा. आणि वरचे बकऱ्यांच्या केसांचे पडदे अकरा, दहा नव्हेत, कारण बाहेरचं कापड आतल्यापेक्षा जास्त लागतं. उरलेलं अर्धं मागे सोडायचं, असं लिहिलंय! हे कुणीतरी काम करणाऱ्याने लिहिलंय हो. उरलेल्या कापडाचं काय करायचं हे बसून बोलणाऱ्या माणसाला सुचत नाही." वन्संचे डोळे मोठे झाले होते. हजार वेळा वाचलेल्या ह्या पानांवरून त्या बहुधा उड्या मारून गेल्या होत्या, जसे सगळेच जातात. ती खाटेवर वाकून त्यांच्या डोळ्यांसमोर आकृती धरून सांगत राहिली, वजन कुठे पडेल, चुणी कशी बसेल, आणि सहा वाजले हे नर्सने येऊन सांगावं लागलं. रस्त्याने चालताना तिचे कान गरम झाले होते. लहानपणापासून देव म्हणजे तिला वरून बघणारा साहेब वाटायचा. कडीसमोर कडी आली पाहिजे, हे कधी त्याच्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं. निराधार झालेल्या लोकांना आधी कापडाचं माप देणारा कोणीतरी. त्या संध्याकाळी दुकानातल्या जुन्या कारागीर बाई म्हणाल्या, "काय गं, लॉटरी लागली की काय?" "माप जुळलं," ती म्हणाली, आणि हसत सुटली.

मग वाचनाची तिला चटक लागली असं म्हणायला हरकत नाही. पण विश्वास वगैरे म्हणाल तर तसलं काही नव्हतं. उलट वाचता वाचता राग साचत होता. वन्संच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. कूस बदलताना त्यांच्या डोळ्यांत जे यायचं ते बघवत नसे, आणि तोंडातून हुंकारसुद्धा निघायची सोय नव्हती. असं मुकं दुखणं तिने कधी पाहिलं नव्हतं. नवरा निदान ओरडला होता. चौथ्या आठवड्यात वन्संनी वेगळंच काहीतरी मागितलं. मागायला आता नर्सने केलेला तक्ता होता, पुठ्ठ्यावर अक्षरांच्या ओळी. ओळीवर बोट फिरवायचं, पापणी मिटली की ती ओळ, मग ओळीतलं अक्षर. काना-मात्रा नाहीत, त्या आपण ओळखायच्या. वन्संनी अक्षरं दिली, स-त-त-र. "सत्तर?" नाही. "सत्तूर?" नाही, नाही. "स्तोत्र!" हो. आकडा दिला अठ्ठ्याऐंशी.

तिने उघडलं आणि नेहमीच्या चालीत सुरुवात केली. चार ओळींनंतर ती चाल मोडली. तो कोण माणूस होता माहीत नाही, पण तो देवाला सांगत होता की मी दिवसभर तुला हाका मारतोय, माझा जीव खड्ड्याच्या तोंडाशी आलाय, तू मला मेलेल्यांत टाकून दिलंस, माझी माणसं तूच माझ्यापासून तोडलीस. तू, तू, तू. तिला वाटलं आता वळण येईल. स्तोत्रात येतं, शेवटी सगळं गोड होतं, लहानपणी इतकं ऐकलं होतं. ती खाली खाली वाचत गेली आणि वळण आलंच नाही. शेवटच्या ओळीत सोबतीला अंधार उरला होता, आणि पुढे कोरा कागद. तिने पान उलटून पाहिलं. दुसरं स्तोत्र सुरू झालेलं. "संपलं?" ती म्हणाली. "असंच?" हो. "हे ह्या पुस्तकात आहे? हे देवळात वाचतात?" हो. "मग त्या दिवशी जिन्यात..." तिचा आवाज फुटला. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांनी मान वळवली. "हे तुम्हाला पाठ होतं, आणि तुम्ही मला म्हणालात देवाची इच्छा? मला ओरडायचं होतं, वन्सं! नुसतं ओरडायचं होतं. आणि इथे हा माणूस ओरडतोय, आणि त्याचं ओरडणं कुणी खोडलं नाही, जपून ठेवलंय, सोन्यासारखं!" वन्संच्या डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं. पुसायला हात नव्हता. तिने पदराने पुसलं, अंमळ जोरातच. वन्संची नजर तक्त्याकडे गेली आणि तिथेच राहिली.

ह. च. व. च. य. ल. मध्ये थांबल्या, दमल्या. ह. व. ह. त. तेवढ्यात वेळ संपली. तिने दहा अक्षरं पुडक्यावर लिहून घेतली होती. ती कागद हातात धरून बाहेर पडली आणि फुटपाथवरून चालता चालता मात्रा लावायला लागली. हा चव? हाच वाच? ह्याचं? माणसं अंगावरून जात होती, एका बाईची छत्री तिच्या कोपराला लागली. हेच. हेच वाचा... हेच वाचायला. ती चपलांच्या दुकानापुढे मधोमध थांबली. हेच वाचायला हवं होतं. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळला आणि म्हणाला, "अहो बाई, रस्ता आहे हा!" "हवं होतं!" ती त्याला म्हणाली. "हेच वाचायला हवं होतं!" तो बाजूने निघून गेला. ती दुकानाच्या पायरीवरच बसली. अकरा वर्षं ती जे ऐकण्यासाठी ताटकळली होती ते माफ कर नव्हतं. ते हे होतं. त्या जिन्यात वन्संनी हे पान उघडलं असतं, आणि दोघींनी मिळून आरडाओरडा केला असता, पुस्तकाच्या परवानगीने. काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं. लाल, भिजलेलं, उजळलेलं. पण त्या उजेडातच ती दुसरी गोष्टही हलली. वन्संनी आपलं चुकलेलं माप सांगून टाकलं होतं. आता हिची पाळी.

ती पुढे ढकलत राहिली आणि त्यातच वन्संच्या छातीत कफ भरला. ताप चढला, रक्तदाब जिन्यासारखा वरखाली. डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र आणि उद्याचा दिवस. कुणाला कळवायचं असेल तर कळवा." सकाळी फादर आले, लठ्ठ, धापा टाकत, तीन मजले चढून. त्यांनी वन्संच्या कपाळाला आणि तळव्यांना तेल लावलं, हळू आवाजात प्रार्थना म्हटली आणि बाहेर येऊन चादरींच्या ढकलगाडीशेजारच्या बाकावर बसले. ती उभीच राहिली. "बसा," ते म्हणाले. "लिफ्ट बंद आहे. मला दहा मिनिटं तरी उतरता येणार नाही."

"मला विश्वास आहे की नाही ते माहीत नाही, फादर," ती म्हणाली. "महिनाभर भांडतेय मात्र."

"कुणाशी?"

ती बाकाच्या टोकाला टेकली. मग म्हणाली, "तेच ना."

फादरांनी रुमालाने मान पुसली. "हवेशी कुणी महिनाभर भांडत नाही, बाई. दोन दिवसांत कंटाळा येतो."

तिला हसू आलं आणि हसण्यातूनच ते बाहेर पडलं, टाका तुटून शिवण उसवत जावी तसं. नवरा गेला त्या दुपारी तो शुद्धीत आला होता. त्याने विचारलं होतं, ताई कुठाय, ताईला बोलाव. फोन तिच्या हातात होता. वन्सं दोन रस्ते पलीकडे राहत होत्या, दहा मिनिटांत आल्या असत्या. ती म्हणाली होती, हो, बोलावते. आणि बोलावलं नव्हतं. तो दाराकडे बघत राहिला होता चाळीस मिनिटं. "मी तेवढं एक माणूस त्याला दिलं नाही," ती म्हणाली. "वन्संना शिक्षा द्यायची होती. शिक्षा त्याला झाली." फादर लगेच काही बोलले नाहीत याबद्दल तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मग त्यांनी विचारलं, "हे पापनिवेदन म्हणून सांगताय? की मला सांगताय?" तिने खूप वेळ चादरींकडे पाहिलं. पांढऱ्या, दुमडलेल्या, कडेला कड. "पापनिवेदन," ती म्हणाली. "शेवटचं अकरा वर्षांपूर्वी." त्यांनी खिशातून जांभळा पट्टा काढून गळ्यात घातला आणि तिथेच, ढकलगाड्यांच्या खडखडाटात, तिला पापक्षमा दिली. शेवटी ती म्हणाली, "वन्संना सांगू?" "देवाने तर ऐकलं," फादर म्हणाले, "त्यांना सांगायचं ते स्वतःचं ओझं उतरवायला नको. त्यांना हवं असेल तर. विचारा आधी." मग उठता उठता म्हणाले, "जगल्या तर."

वन्सं जगल्या. ताप पाचव्या दिवशी उतरला, सहाव्या दिवशी उजव्या हाताचं मधलं बोट हललं. उंच नर्सने वॉर्डभर सांगितलं. पलीकडचे म्हातारे म्हणाले, "मधलंच का? शिक्षिका ना त्या?" आणि नर्सने त्यांना दटावलं. त्याच दिवशी दुपारी ती खाटेशी बसली आणि म्हणाली, "वन्सं, शेवटच्या दिवशीचं तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी आहे. वाईट आहे. माझ्या वाईटपणाचं आहे. तुम्हाला तोंड फिरवता येत नाही, तेव्हा आत्ता सांगणं म्हणजे बांधून मारण्यासारखं. नको असेल तर नाही म्हणा. मी कधीच काढणार नाही." वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. मशीन आत, बाहेर, आत. पापण्या मिटल्या. ती मोजत राहिली, दुसऱ्यांदा मिटतात का. नाही मिटल्या.

तिने सांगितलं. फोन, चाळीस मिनिटं, दार. न रडता सांगितलं, कारण रडून सांगणं म्हणजे अर्धी माफी आधीच मागून घेणं. वन्संनी डोळे मिटून घेतले आणि उघडलेच नाहीत. किती वेळ ते सांगता येणार नाही. हो म्हणायला मिटलेत, की ही समोर नको म्हणून मिटलेत, कसं कळावं? अकरा वर्षांची शांतता परत येऊन मध्ये बसली असं तिला वाटलं. ती उठायला लागली तेव्हा डोळे उघडले, तक्त्याकडे वळले. क. य. म. ह. ण. ल. काय म्हणाला.

"म्हणाला..." ते शब्द तिने इतकी वर्षं आत दाबून ठेवले होते की ते जसेच्या तसे निघाले, घडीसुद्धा न मोडता. "म्हणाला, ताई आली की मला उठवून बसव. तिच्यासमोर लोळलेलं तिला चालत नाही."

वन्संची छाती हलली. मशीनची लय चुकली, घंटा वाजायला लागली, उंच नर्स धावत आली. "काय केलंत? काय झालं त्यांना?" वन्संचं कपाळ लाल झालं होतं, डोळ्यांतून धारा, आणि गालाच्या ज्या स्नायूंनी महिनाभर मान टाकली होती त्यांतला डावीकडचा एक वर खेचला जात होता. हसणं की रडणं, कुणी ठरवू शकलं नसतं. "त्यांचा भाऊ आला होता," ती नर्सला म्हणाली. तिला स्वतःलाच कळेना आपण असं का म्हणालो, पण दुसरं काही खरं वाटेना. शुक्रवारी फादर कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन आले. वन्संना गिळता येत नव्हतं. त्यांनी तक्त्यावर दोन अक्षरं दिली, त-ल. तिला. अकरा वर्षांनी तिने जीभ पुढे केली, आणि ते पातळ, बेचव, टाळूला चिकटणारं काहीतरी तिच्या तोंडात विरघळलं. वन्सं एकटक बघत होत्या, घास आपल्याच तोंडात पडल्यासारखं.

पुढचे आठवडे घाईचे होते, आणि त्या घाईला एक चव होती. मशीन आधी पाच मिनिटं बंद, मग वीस, मग तास, मग सबंध दिवस. वन्सं स्वतःचा श्वास स्वतः घ्यायला शिकत होत्या, कपाळावर घाम, डोळे छताला खिळलेले, आणि ती शेजारी बसून वाचत होती. आता ती स्वतः शोधून आणायची. घरी कापड कातरतानाही पुस्तक मेजावर उघडं असायचं. सोसणारी माणसं तिला पानोपानी भेटत होती आणि त्यांतलं कुणीही शहाणपणा करत नव्हतं. कुणी खड्ड्यात होतं, कुणी माशाच्या पोटात, कुणी राखेत बसून अंग खाजवत, आणि सगळे बोलत होते, तक्रार करत होते, घासाघीस करत होते, आणि त्या बोलण्याला कान होता. आशा म्हणजे काय ते तिला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण सकाळी दहाला तिचे पाय दुकानातून आपोआप निघायचे.

ज्या दिवशी गळ्यातल्या नळीवर बोलायची झडप बसवली, त्या दिवशी सकाळी काहीच निघालं नाही. वाचा शिकवणाऱ्या बाई आल्या, "आ म्हणा," म्हणाल्या. नुसती हवा, सुंई करून. पुन्हा. पुन्हा हवा. वन्संनी चौथ्यांदा प्रयत्न केला आणि मग दोनदा डोळे मिटले, नको. बाई म्हणाल्या, "कधीकधी दिवस लागतात. कधीकधी..." आणि पुढचं गिळून निघून गेल्या. दुपारी वन्संनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने फार विचार न करता येशूचा प्रेषित पौल याचा समुद्रप्रवास उघडला, कारण आदल्या दिवशी तिथे खूण होती. बेड्या घातलेला पौल, भरलेलं जहाज, दोनशे शहात्तर माणसं, आणि वादळ. दिवसेंदिवस सूर्य नाही, तारे नाहीत. माल समुद्रात फेकला, जहाजाची दोरखंडंही फेकली, आणि वाचायची आशा सोडून दिली, असं चक्क लिहिलेलं. तिचा आवाज चढायला लागला. चौदावी रात्र. खलाशांना वास लागला की जमीन जवळ आहे. दोर सोडून खोली मोजली, वीस पुरुष खोल. थोडं पुढे, पंधरा. खडकावर आपटू म्हणून त्यांनी मागून चार नांगर टाकले आणि उजाडू दे, उजाडू दे म्हणत बसले. उंच नर्स सलाईन बदलता बदलता थांबली होती. पलीकडचे म्हातारे कोपरावर उठले होते. "मग?" ते म्हणाले. "थांबा हो," ती म्हणाली. पौलाने सगळ्यांना बसवून भाकर मोडली, देवाचे आभार मानले, त्या अंधारात, फुटत्या जहाजावर, म्हणाला जेवा, तुमच्यातल्या एकाचाही केस वाकडा होणार नाही. मग उजाडलं. जहाज वाळूत रुतलं, मागची बाजू लाटांनी फुटायला लागली, शिपाई म्हणाले कैदी पळतील, मारून टाका, आणि अधिकारी म्हणाला नाही. पोहता येतं त्यांनी आधी उड्या टाका. बाकीचे कुणी फळ्यांवर...

तिथे ती थांबली. फळ्यांवर. फुटलेल्या जहाजाच्याच फळ्यांवर. तिला अक्षरं दिसेनाशी झाली, तिने पुस्तक मांडीवर टेकवलं आणि पदर शोधायला लागली.

"पुढे."

आवाज खरखरीत होता, जाडसर, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. तिने आधी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हातारे वन्संकडे बघत होते. नर्सच्या हातातली बाटली तशीच वर राहिली होती. वन्संचे डोळे छतावर नव्हते, तिच्यावर होते. ओठ पुन्हा जुळले, झडपेतून हवा सुटली, आणि ह्या वेळी शब्दाच्या मागे अख्खी शाळा होती.

"पुढे वाच."

"अहो, तुम्ही बोललात!" नर्स ओरडली. "डॉक्टरांना बोलावते मी!" ती बाटली हातात घेऊनच धावली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भावजय उठली, बसली, परत उठली. तिला वन्संना मिठी मारायची होती आणि नळ्यांमुळे कुठून मारावी ते कळेना. शेवटी तिने वन्संचं ते मधलं बोट मुठीत धरलं. बोटाने उलट दाबलं. दुसऱ्या हाताने तिने पुस्तक उचललं, ओळ सापडेना, वर बघितलं तर वन्सं वाट बघत होत्या.

"आणि अशा रीतीने," ती वाचायला लागली, रडत, हसत, प्रत्येक अक्षर स्वच्छ, "सगळे जण सुखरूप किनाऱ्याला पोचले."